गठ्ठा चाळीस किलोचाच, मग माझे बाराशे कुठं गेले? (किमान वेतन, झोन आणि तुमच्याकडचा रोज)

हजेरीबुक | सोमवार, रात्री ९:१२

वर्षातून दोनदा, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर, विशेष भत्त्याचा (किमान वेतनावरचा महागाई भत्ता) नवा कागद आला की मी एक्सेल उघडून बसतो. रेडिमेड कापडाच्या दुकानाचा हिशेब आणि पगारपत्रक माझ्याकडे असतं, शेठच्या तीन शाखा, सगळे मिळून २६ जण. एक शाखा पुण्यात, एक जिल्ह्याच्या ठिकाणी (महापालिका आहे), तिसरी तालुक्याच्या गावाबाहेर हायवेला, कागदोपत्री वाडीत.

परवा तिसऱ्या शाखेतला हेल्पर पोरगा माल उतरवायला इकडे आला होता. टेबलावर पुण्याचं पगारपत्रक पडलेलं, त्यानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, काका, गठ्ठा तिथला पण चाळीस किलोचा, आमचा पण चाळीस किलोचाच, मग माझे बाराशे कुठं गेले?

आता त्याला काय सांगू. दुकानांसाठी २०१९ ची अधिसूचना आहे, त्यात अकुशलचं मूळ वेतन झोन १ ला (ढोबळमानाने महापालिका) १०,०२१, झोन २ ला (नगरपरिषदा) ९,४२५ आणि झोन ३ ला (उरलेलं सगळं) ८,८२८. विशेष भत्ता वर चढतो तो तिन्हीकडे सारखाच. म्हणजे भत्ता कितीही वाढला तरी ११९३ रुपयांची दरी आहे तशीच. मी त्याला झोन समजावून सांगितले, त्यानं मान हलवली, पण पटलेलं नाही हे दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही नीट पटलेलं नाही.

तर प्रश्न असा की सरकारनं किमान वेतन वाढवलं की ते खाली गावापर्यंत खरंच पोचतं का? तुमच्या भागात प्रत्यक्ष रोज काय चाललाय आणि तो कशानं वाढला, सरकारी कागदानं का आणखी कशानं?

---

सटरफटर | सोमवार, रात्री ९:२०

पोरगा हुशार आहे, त्याला हिशेबाला बसवा आणि तुम्ही गठ्ठे उचला. 😀

---

पांढरीचा_पाटील | सोमवार, रात्री ९:४१

आमच्याकडं (तासगाव तालुका, द्राक्षं) येऊन बघा म्हणजे कळंल. शेतीचं सरकारी किमान वेतन किती हाय हे मला ठाऊक नाही, माझ्या मजुराला ठाऊक नाही, आणि तलाठ्याला इचारलं तर तो पण आभाळाकडं बघंल. बाईचा रोज ३५०, गड्याचा ६००, ते पण अकरा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. फळछाटणी आन डिपिंग (घड औषधात बुडवायचं काम) तर रोजानं कोण करतच नाही आता, सगळं एकरावर उक्तं. टोळी येते, मुकादम आकडा सांगतो, तुम्ही दोनशे कमी करा म्हणायचं, तो गाडीला किक मारतो, तुम्ही मागनं पळायचं.

आमचा रोज वाढला तो दोन गोष्टींनी. एक, एमआयडीसीची बस गावात यायला लागली आन पोरं त्यात बसली. दोन, बागा वाढल्या आन सगळ्यांची छाटणी एकाच पंधरवड्यात येती. कागदाचा संबंध शून्य.

---

निम्मा_रोज | सोमवार, रात्री १०:०३

@पाटील, बाईचा ३५० आणि गड्याचा ६०० हे तुम्ही किती सहज लिहून गेलात हो. किमान वेतनाच्या कागदात बाई-गडी असा रकानाच नाहीये. समान वेतनाचा कायदा १९७६ लाच झाला. तुमच्या बागेत थिनिंग बायकाच करतात ना? वाकून वाकून मणी विरळ करायचं काम गड्याला जमतं का ते एकदा सांगा.

---

पांढरीचा_पाटील | सोमवार, रात्री १०:११

ताई तुमचं बरोबर हाय. जमत नाही. पण मी एकट्यानं बाईला ६०० दिलं तर गाव माझ्या दारात येईल की रोज बिघडवतो म्हणून. मागं एकानं ५० वाढवलं तर त्याला पारावर बोलवून झापला व्हता.

---

निम्मा_रोज | सोमवार, रात्री १०:१४

म्हणजे गावाचं स्वतःचं एक "कमाल वेतन" मंडळ आहे. वा.

---

बांदेकर | सोमवार, रात्री १०:५०

कोकणातून हजेरी. हजेरीबुकांच्या प्रश्नाला आमच्याकडे जिवंत उत्तर आहे, फक्त ते हद्दीवर उभं राहून बघावं लागतं.

माझं बांद्याला छोटं हॉटेल. इथून पत्रादेवी चेकनाका मोटरसायकलने दहा मिनिटं, पलीकडे गोवा. सकाळी साडेसहाला हायवेला उभे राहा, बाईकवर दोघं दोघं पोरगे डबा लावून निघालेले दिसतात, कोण तुयेला फॅक्टरीत, कोण पेडण्यात, मोपाचा विमानतळ २०२३ ला चालू झाल्यापासून तर रांगच आहे. गोव्यात रोज वाढला की महिन्याभरात माझा भांडी घासणारा येऊन सांगतो, शेठ, पलीकडे इतके देतत. झोन बिन काय नाय, तो माझ्या हॉटेलातल्या खिडकीतून गोवा दाखवतो. मी गोव्याइतके देत नाही, पण त्याच्या पेट्रोलचे पैसे वजा करून जो आकडा येतो तो द्यावाच लागतो. माझा भाऊ आत तीस किलोमीटरवर असतो, त्याच्याकडे त्याच कामाला माझ्यापेक्षा चार हजार कमी. तो पण त्याच तालुक्यात, तोच झोन.

तेव्हा माझं मत, कागद गोव्याच्या सरकारने काढला आणि पगार माझ्या पोराचा वाढला. महाराष्ट्राच्या कागदाने माझ्या इथे आजपर्यंत एक रुपया हललेला नाही.

---

चंदगडी | सोमवार, रात्री ११:०५

बांदेकरांशी एकदम सहमत. आमचा तालुका तर तिठ्यावर आहे, एकीकडे गोवा, एकीकडे बेळगाव. रोजगार हमीचे २०२५-२६ चे दर बघा: महाराष्ट्र ३१२, कर्नाटक ३७०, गोवा ३७८. तीच तांबडी माती, तोच पाऊस, फावडं पण बेळगावच्याच बाजारातलं, आणि ओढा ओलांडला की ५८ रुपये जास्त. माझ्या मावशीचं शेत कर्नाटकात आणि घर महाराष्ट्रात आहे, ती विचारते मी नेमकी कुठली गरीब?

---

सटरफटर | सोमवार, रात्री ११:०९

मावशींना दंडवत.

---

कोष्टी_गल्ली | मंगळवार, सकाळी ७:३२

"कागदाचा संबंध शून्य" हे वाचून रात्रभर राहवलं नाही म्हणून डबल पाळी करून येऊन लिहितोय. इचलकरंजी.

आमच्यात पगार महिन्याचा नसतो, मजुरी पिकावर असते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात जेवढे आडवे धागे पडतात ते. जास्त पिकाचं कापड सावकाश निघतं म्हणून त्याला मीटरमागं दर जास्त. वर्षानुवर्षं मालक म्हणतील तो दर. २०१३ ला मोठा संप झाला, आमच्या घरात तेव्हा मी बारावीला, बापानं मला सायकल घेऊन दिलेली ती विकली. तो संप मिटला तेव्हा मागणीच्या बुडाशी काय होतं माहितीय का, किमान वेतन. म्हणजे महिन्याचं जे किमान वेतन बसतं ते पिकाच्या दरात बसवा ही भाषा. आणि त्यानंतर महागाई भत्ता वाढला की कामगार ऑफिसातनं त्याचं पीसरेटमध्ये (मीटरमागच्या दरात) रूपांतर करून घ्यायचं ही एक वाट पडली. दरवर्षी मालक कुरकुर करतात, कधी देतात, कधी लटकवतात, मग मोर्चा निघतो. पण मोर्च्यात हातात धरायला काहीतरी आहे ना, तो तुमचा कागद आहे. पाटील साहेब, तुमच्या बागेतल्या बायकांच्या हातात तेवढा पण नाही म्हणून पारावरचा दर चालतो.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर कुणीतरी म्हणेल युनियनवाला आलाय. दर वाढला तसे माग वाढले. माझा बाप चार माग बघायचा, मी आठ बघतो. पगार वाढला का तर वाढला, पण कांडी बदलायला एवढं पळतोय की पायाच्या शिरा बघितल्या तर घाबराल. आणि जो खर्चीवाला आहे, म्हणजे दुसऱ्याचं बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) आणून मजुरीवर विणून देणारा छोटा मागवाला, तो बिचारा मधेच चेपलाय, व्यापारी त्याला दर वाढवून देत नाही आणि कामगार त्याच्याकडं वाढीव मागतो. आमच्या गल्लीत असे तीन शेड भंगारात गेले.

---

मुद्दल_आणि_व्याज | मंगळवार, सकाळी ९:१५

कोष्टी_गल्ली, जबरी प्रतिसाद. आणि अजून एक, इचलकरंजी २०२२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. बऱ्याच अधिसूचनांमध्ये झोन १ म्हणजे ढोबळमानाने महापालिका आणि कॅन्टोन्मेंट, झोन २ नगरपरिषदा, झोन ३ उरलेलं सगळं (उद्योगानुसार व्याख्या बदलते, मूळ कागद बघावा). म्हणजे पाटी बदलली त्या दिवशी तिथल्या किराणा दुकानातल्या पोराचं किमान वेतन कागदावर वाढलं. त्या दिवशी कुणाला वाढवून मिळालं का?

---

कोष्टी_गल्ली | मंगळवार, सकाळी ९:४०

पाटी मिळाली. घरपट्टी वाढंल अशी भीती मिळाली. पगाराचं कोण बोललेलं ऐकलं नाही.

---

डेलावेअरकाठी | मंगळवार, सकाळी १०:२२

मी न्यू जर्सीत राहते, इथे मराठी मंडळी खोऱ्याने आहेत तेव्हा कुणीतरी लिहायलाच हवं होतं. 🙂 बांदेकरांचं वाचून हसू आलं कारण नेमका असाच प्रयोग इथे होऊन गेलाय.

१ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, नदीपलीकडच्या पेनसिल्वेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० बर्गरची दुकानं वाढीच्या आधी आणि नंतर विचारून काढली. सगळे म्हणत होते पगार वाढवला तर पोरांना काढतील. तसं झालेलं दिसलं नाही. खूप वाद झाले, दुसऱ्यांनी पगाराच्या नोंदी घेऊन उलट निष्कर्ष पण मांडला, पण सीमेच्या दोन बाजू ताडून बघायची पद्धत त्यावरून रूढ झाली. कार्डला २०२१ ला नोबेल मिळालं, क्रूगर तोपर्यंत वारले होते.

आज इकडे १५ डॉलरच्या वर आहे आणि पेनसिल्वेनिया २००९ पासून केंद्राच्या ७.२५ वर अडकलंय. पण ट्रेंटनचा पूल ओलांडून तिकडच्या दुकानांच्या काचेवर लावलेल्या जाहिराती वाचल्या तर ७.२५ ला माणूस मागणारं कुणी दिसत नाही. बांदेकर देतात तसंच, पेट्रोल वजा जाता.

---

शटर_अर्धं | मंगळवार, सकाळी ११:०२

अमेरिकेचं ठीक आहे हो. मी लातूरला मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान चालवतो. माझं ऐका. भाडं, लाईट, ऑनलाईनवाल्यांनी खाल्लेलं गिऱ्हाईक. त्यात दर सहा महिन्याला भत्ता. मी काय केलं, दोन पोरं होती, एक कमी केला आणि मेव्हण्याला बसवलं. मेव्हण्याला किमान वेतन लागत नाही, फक्त किमान मान लागतो, तो पण मी देत नाही. सांगायचा मुद्दा, वाढवायला सोपं आहे, देणारा मॅकडोनाल्ड नसतो, माझ्यासारखा असतो.

---

हजेरीबुक | मंगळवार, सकाळी ११:३०

शटर_अर्धं, तुमची अडचण मी रोज शेठच्या तोंडून ऐकतो त्यामुळे खोटी म्हणणार नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न, तो पोरगा तुम्ही भत्त्यामुळे काढला का गिऱ्हाईक कमी झालं म्हणून?

---

शटर_अर्धं | मंगळवार, दुपारी १२:१५

दोन्ही. जास्त करून गिऱ्हाईक.

---

सटरफटर | मंगळवार, दुपारी १२:१६

आणि मेव्हणा?

---

शटर_अर्धं | मंगळवार, दुपारी १२:१८

बायको.

---

सातला_पगार | मंगळवार, दुपारी २:४४

मी बहुतेक इथं एकटाच असेन ज्याला हे वेतन प्रत्यक्ष मिळायचं. एका मोठ्या ऑफिसात ठेकेदाराकडून हाऊसकीपिंगला होतो तीन वर्षं. नाव घेत नाही.

कागदावर आमचा पगार एक नंबर. बँकेत जमा, पीएफ, पावती सगळं. पण एटीएम कार्ड आणि पिन सुपरवायझरकडे. सात तारखेला संध्याकाळी एटीएमच्या बाहेर आम्ही चौदा जण लाईनीत, तो आत जाऊन एकेक कार्ड घालायचा, पैसे काढायचा, तीन हजार स्वतःच्या पाकिटात आणि बाकीचे आमच्या हातात. नोटा मोजून द्यायचा, वर म्हणायचा मोजून घ्या रे, नंतर तक्रार नको. भत्ता वाढला त्या सहामाहीत आमच्या हातात तेवढेच आले, त्याचे तीन हजाराचे साडेतीन झाले. म्हणजे वाढ पोचली, एटीएमच्या दारापर्यंत. आतून बाहेर येताना गायब.

एका काकूंनी विचारलं होतं, पुढच्या महिन्यात त्यांची ड्यूटी तिसऱ्या मजल्यावरून बेसमेंटला.

---

निम्मा_रोज | मंगळवार, दुपारी ३:०१

हे वाचून काही सुचेना. काकूंचं पुढे काय झालं?

---

सातला_पगार | मंगळवार, दुपारी ३:२०

सोडलं त्यांनी. आता चार घरची पोळ्यांची कामं करतात. म्हणतात इथं निदान कार्ड कुणी मागत नाही.

---

टेंडरवाला | मंगळवार, सायंकाळी ५:१०

शिव्या पडणार हे माहीत असून लिहितो. मी ठेकेदार आहे (वरचा तो नाही, आणि कार्ड ठेवणारे चोर आहेत, त्यावर वाद नाही).

पण यंत्र कसं चालतं ते बघा. टेंडर दोन-तीन वर्षांचं, सगळ्यात कमी दरवाल्याला काम. वेतन सगळ्यांना सारखंच भरावं लागतं, मग स्पर्धा कशावर, तर सर्व्हिस चार्जवर. लोक पाव टक्का, अर्धा टक्का भरतात. अर्ध्या टक्क्यात कुणाचं घर चालतं? मग तो वसुली कुठून करणार ते सातला_पगार यांनी सांगितलंच. मधल्या काळात भत्ता वाढला की फरक मूळ ऑफिसने द्यायचा, पण फाईल लेखा विभागात, ऑडिटची शंका, सहा-सहा महिने. मला मात्र सात तारखेला माणसं उभी. कायद्यात ठेकेदाराने नाही दिलं तर मूळ मालकाची जबाबदारी असं स्पष्ट लिहिलंय. वापरलेलं मी वीस वर्षांत दोनदा पाहिलं.

---

जुनं_मस्टर | मंगळवार, रात्री ८:४५

उशिरा आलो, धागा चांगला रंगलाय. थोडं मागे जाऊ का.

रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची देण. वि. स. पागे यांचं गाव विसापूर, म्हणजे पाटलांच्याच तालुक्यातलं, साठच्या दशकात पहिला प्रयोग तिथे. कायदा १९७७ चा. माझी आई माण तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर होती, आधी बहात्तरच्या दुष्काळात आणि नंतर हमीवर. चौकडी खणायची, दुसरीने पाटी उचलायची, संध्याकाळी मुकादम टेप लावायचा. रोज म्हणजे हातात पडणारा रोज नव्हे, टेपात बसेल तेवढाच. मुरूम लागला की अर्धा. किमान वेतन हा शब्द तिने कधी ऐकला नसेल पण टेप कुठे ढिली धरतात ते तिला पक्कं माहीत होतं.

१९८८ ला शेतमजुरीचं किमान वेतन वाढवलं आणि त्याला जोडलेला हमीचा दर दुप्पट झाला. एका फटक्यात दुप्पट. त्या वर्षी आमच्या वस्तीवर गूळ वाटलेला मला आठवतो. आणि पुढच्या उन्हाळ्यात कामच निघेना. मस्टर नाही, अभियंता रजेवर, काम मंजूर आहे पण सुरू नाही, जवळ नाही, लांब आहे. तेव्हा वाटायचं आमच्याच तालुक्याची रड. पुढे नोकरीत असताना रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या तिघांचा १९९३ चा अभ्यास वाचनात आला, तर त्यांनी आख्ख्या राज्याचे आकडे घेऊन हेच दाखवलेलं, की दर वाढल्यावर मागेल त्याला काम ही हमी उरली नाही, काम वाटून, टाळून दिलं जायला लागलं.

म्हणून मी वाढीच्या विरुद्ध आहे असं नाही हां. आईला विचारलं होतं, दर दुप्पट बरा होता का काम जास्त बरं होतं. तिने उत्तर दिलं नाही, म्हणाली दुप्पट दरावर पाटलीण पण आम्हाला खुरपायला बोलवताना आवाज खाली ठेवायची. कारण हमीचं काम निघालं असतं तर आम्ही तिकडे गेलो असतो.

---

पांढरीचा_पाटील | मंगळवार, रात्री ९:०२

काका मानलं. आन हे खरं हाय. आमच्या आज्ज्याचा रोजगार हमीवर राग ह्याच कारणानं होता, आत्ता समजलं.

---

मुद्दल_आणि_व्याज | मंगळवार, रात्री ९:३३

जुनं_मस्टर यांना साष्टांग. म्हणजे बांदेकरांचा गोवा आणि काकांची हमी एकच काम करतात, जायला दुसरी जागा देतात. कागद एकटा पडला तर एटीएमच्या दारात मरतो.

थोडी भर. २०१९ ला केंद्राच्या अनुप सत्पथी समितीने देशाचे पाच भाग पाडून दिवसाला ३४२ पासून ४४७ पर्यंत आकडे सुचवले होते, महाराष्ट्राच्या गटाला ४१४ आणि गोव्याच्या गटाला ४४७. सगळ्यांना एकच धरायचा तर ३७५. प्रत्यक्षात त्या वर्षी राष्ट्रीय तळाचा आकडा १७६ वरून १७८ झाला. दोन रुपये. आणि तो पण नुसता सल्ला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, तिच्यात केंद्राने ठरवलेल्या तळाच्या खाली राज्यांना जाता येत नाही, आणि ठराविक यादीतले उद्योग ही अट जाऊन सगळ्याच कामगारांना किमान वेतन लागू. आकडा कुठे ठेवतात त्यावर सगळं.

---

गुडगावकर_नव्हे_गुरगावकर | मंगळवार, रात्री १०:१२

दिल्लीत एप्रिल २०२५ ला अकुशलला महिना १८,४५६ झाला. मानेसरला (हरियाणा) आमच्या प्लांटमध्ये तेव्हा त्याच कामाला ११ हजारांच्या घरात. तासाभराचं अंतर. तरी सगळे दिल्लीला का जात नाहीत? कारण दिल्लीतले अर्धे कारखाने गल्लीत, तिथे १८ हजार कागदावरच. तेव्हा बांदेकरांचं "पलीकडे इतके देतत" हे पलीकडे खरंच देत असतील तरच चालतं.

---

बांदेकर | मंगळवार, रात्री १०:२०

हो, ते मात्र खरं. गोव्यात पण ठेकेदारीत नाटकं आहेतच.

---

शटर_अर्धं | मंगळवार, रात्री १०:४०

पण झोन हवेतच ना? पुण्यात खोलीभाडं आठ हजार, माझ्या गावात स्वतःचं घर. सारखं वेतन कसं देणार?

---

निम्मा_रोज | मंगळवार, रात्री १०:५८

खोलीभाडं मान्य. बाकीचं बघू. गॅस सिलेंडर गावात स्वस्त मिळतो? उलट आणायचं भाडं वेगळं. मोबाईल रिचार्ज झोन ३ ला कमी? तेलाचा डबा? पोराला ताप आला तर गावातून जिल्ह्याला न्यायची गाडी दोन हजार, पुण्यातला रिक्षाने जातो. १९५७ च्या श्रम परिषदेने किमान गरज मोजली ती माणशी २७०० कॅलरी आणि चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड अशी. पोट काही हद्द बघून भूक लावत नाही.

---

सटरफटर | मंगळवार, रात्री ११:०१

७२ वार?? हजेरीबुक, तुमच्या दुकानात सेल लावा.

---

कोष्टी_गल्ली | मंगळवार, रात्री ११:०५

आणि ते आम्ही विणू, पिकाचा दर बोला आधी.

---

व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ८:००

मधले सहा प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्या पक्षाने किती वाढवलं यासाठी वेगळा धागा काढावा. हा कायदा नेहरूंनी दिला की आणखी कुणी यावर भांडणाऱ्या दोघांसाठी: किमान वेतनाचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांनी मांडलं, कायदा १९४८ ला झाला. आता पुढे चला.

---

सटरफटर | बुधवार, सकाळी ८:०३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

मुद्दल_आणि_व्याज | बुधवार, सकाळी १०:२५

हजेरीबुक, एक सुचवू का. तुम्ही लिहिलंय "तालुक्याच्या गावाबाहेर, कागदोपत्री वाडीत". त्या नगरपरिषदेची हद्दवाढ झालीय का बघा एकदा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी हायवेच्या वाड्या आत घेतल्यात. आत आली असेल तर तुम्ही चुकीच्या झोनने पगार काढताय.

---

हजेरीबुक | गुरुवार, रात्री ९:५०

मुद्दल_आणि_व्याज, काय म्हणू तुम्हाला. दोन दिवस गप्प होतो त्याचं कारण तुम्हीच.

हद्दवाढ झालीय. चौदा महिने झाले. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे मला नगरपरिषदेत जावंच लागलं नाही. त्या शाखेची यंदाची घरपट्टीची पावती मीच भरून, मीच पंच करून फाईलला लावलीय. वर ठळक अक्षरात नगरपरिषद लिहिलंय. त्या आधीच्या वर्षीची ग्रामपंचायतीची. दोन्ही पावत्या एकाखाली एक. कर बदललेला मला दिसला, झोन बदललेला दिसला नाही.

अधिसूचना काढून वाचली, झोन २ च लागतो. महिन्याला ५९७ चा फरक, चौदा महिन्यांचे ८,३५८. तिथे दोन हेल्पर म्हणजे १६,७१६. बाकीच्यांचं अर्धकुशल-कुशलचं वेगळं काढतोय. शेठना आकडा दाखवला. ते आधी बराच वेळ पंख्याकडे बघत होते, मग म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं शोधायला? मी म्हटलं, गठ्ठ्यानं. ते हसले नाहीत. पण तपासणी आली तर काय होईल हे सांगितल्यावर दोन हप्त्यात द्यायला तयार झाले, त्या चेहऱ्याने की जणू मी खिशातून काढतोय.

आज पहिला हप्ता दिला. बँकेतच टाकलाय, सातला_पगार, कार्ड त्याच्याच खिशात आहे हे विचारून घेतलं. पोरगा मोबाईलवर मेसेज बघून खूश झाला. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणतो, काका, म्हणजे पुण्यापेक्षा आता ५९६ च कमी ना?

---

चंदगडी | गुरुवार, रात्री १०:०२

माझ्या मावशीशी गाठ घालून द्या त्याची.

---

टेंडरवाला | गुरुवार, रात्री १०:१५

फरकावर पीएफ धरला का? धरला नसेल तर ते वेगळं प्रकरण होतं नंतर.

---

हजेरीबुक | गुरुवार, रात्री १०:२१

धरला. त्यावरून परत पंखा बघून झाला.